बोटांमधली बेचकी

लेक जन्मली तेव्हा तिच्या मुठी घट्ट वळलेल्या होत्या. त्यामुळे पहिला तासभर कुणाच्याच लक्षात आलं नाही. दूध पाजताना मी सहज तिची उजवी मूठ उघडली. अंगठा सुटा होता, शेजारची तर्जनी सुटी होती आणि पुढची तिन्ही बोटं एकत्र होती. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी, अगदी टोकापर्यंत एकाच कातडीत. अनामिका आणि करंगळीचं तर नखही एकच होतं, चांगलं रुंद, मधोमध बारीकशी खाच असलेलं. मी मूठ पुन्हा मिटली आणि तशीच धरून बसले.

बालरोगतज्ज्ञांनी त्याच दिवशी नाव सांगितलं, सिंडॅक्टिली. जन्मतः बोटं जुळलेली असणं. साधारण दोन ते अडीच हजार बाळांमागे एकाला असतं, मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त दिसतं आणि बहुतेक वेळा मधलं बोट व अनामिका जुळलेली असतात. हे सगळं ऐकताना माझ्या डोक्यात एकच चालू होतं: माझं काय चुकलं? कुठली गोळी घेतली, कुठे धडपडले, काय खाल्लं. पुढचे कितीतरी दिवस मी नऊ महिन्यांची उजळणी करत होते.

त्यातून मला बाहेर काढलं ते हातांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी. लेक तेव्हा सहा आठवड्यांची होती. त्यांनी आधी तिचा हात बघितलाच नाही. झबलं वर करून छाती बघितली, दोन्ही बाजूंना बोटांनी चाचपली, मग पावलं, मग डोक्याचा आकार. मला कळेना की दुखणं हाताचं आणि हे छाती का बघतायत. त्यांनी नंतर सांगितलं, की काही मुलांमध्ये जुळलेल्या बोटांबरोबर त्याच बाजूचा छातीचा स्नायू कमी असतो, काहींमध्ये कवटीची हाडं वेळेआधी जुळलेली असतात. ते आधी तपासायचं, मग बोटांकडे वळायचं. आमच्या लेकीला यातलं काही नव्हतं.

मग ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "जरा बूट-मोजे काढता का?" त्याच्या पायाची दुसरी-तिसरी बोटं पहिल्या पेरापर्यंत जुळलेली आहेत. सासूबाईंना ते माहीत होतं, मलाही माहीत होतं, पण त्याचा या हाताशी काही संबंध असेल हे आमच्या कुणाच्या मनात आलं नव्हतं. हे घराण्यातून येऊ शकतं आणि बापाच्या पायात एवढंसं दिसलेलं मुलाच्या हातात मोठं होऊन येऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले. मात्र तुमच्या बाबतीत तेच कारण आहे असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, हेही म्हणाले. त्यांचा हा प्रामाणिकपणा मला फार आधाराचा वाटला.

पोटातल्या सहाव्या आठवड्यात बाळाचा हात वल्ह्याच्या पात्यासारखा सपाट असतो. पुढच्या दोन आठवड्यांत बोटांच्या मधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरून जातात आणि बोटं मोकळी होतात. जिथे त्या मरत नाहीत, तिथे बोटं जुळलेलीच राहतात. आठवा आठवडा. मला तर पाळी चुकल्याची नुकती कुठे खात्री पटत होती. ज्या आयांच्या मनात माझ्यासारखी उजळणी चालू असेल त्यांना मी कळकळीने सांगते, हा हिशोब थांबवा. तुम्ही काही करायच्या आत ते होऊन गेलेलं असतं.

बोटं सोडवायची शस्त्रक्रिया कधी करायची, यावरून आमचे दोन महिने गेले. एका ठिकाणी सांगितलं, कातडीच तर आहे, पाच वर्षांची होऊ द्या, इतक्या लहान जिवाला भूल कशाला. दुसऱ्या ठिकाणी याच्या अगदी उलट. तिन्ही बोटं एकाच भुलीत सोडवून टाकू, म्हणजे पुन्हा यायला नको. ऐकायला दोन्ही बरं वाटतं. घरातही दोन तट पडले. मी ज्यांच्यावर शेवटी विश्वास टाकला, त्या पहिल्या हाताच्या डॉक्टरांनी दोन्ही का चालणार नाही ते नीट उलगडून सांगितलं.

थांबणं का नको, तर करंगळी आखूड असते आणि अनामिका लांब. दोघी बांधलेल्या असताना हात वाढत गेला की आखूड करंगळी लांब अनामिकेला खाली ओढते. अनामिका सांध्यात वाकते, तिरपी होते, आणि हे वाकडेपण पुढे कातडी सोडवूनही जात नाही. मधलं बोट आणि अनामिका जवळजवळ सारख्या उंचीची, तिथे दीड वर्षापर्यंत थांबलं तरी चालतं. म्हणून अंगठ्याची किंवा करंगळीची जोडी असेल तर सहाव्या महिन्याच्या आसपास, मधली असेल तर नंतर. हे समजेपर्यंत लेक चार महिन्यांची झाली होती आणि अनामिका खरोखरच करंगळीकडे किंचित कलायला लागली होती. मी रोज तो हात पालथा घालून बघायचे.

आणि एकाच वेळी का नको, तर बोटाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या दोन, एकेका बाजूने एकेक. अनामिका मधोमध होती, तिच्या दोन्ही बाजू एकाच दिवशी उघडल्या आणि दोन्ही वाहिन्यांना धक्का लागला तर बोटच गमवायची वेळ येऊ शकते. त्यामुळे एका वेळी बोटाची एकच बाजू. तीन बोटं जुळलेली म्हणजे शस्त्रक्रिया दोन आणि मध्ये काही महिन्यांचं अंतर. "पुन्हा यायला नको" म्हणणाऱ्या ठिकाणी आम्ही गेलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार आला की अजून हातपाय गार पडतात.

तरी माझ्या मनात होतंच की शेवटी हे कापणंच आहे. मधून कापायचं आणि दोन्ही बाजू शिवायच्या. मी शिवणकाम करते, कापड कसं वागतं ते मला कळतं. हे बोलून दाखवल्यावर डॉक्टर म्हणाले, "ताई, मग तुम्हाला लगेच समजेल." त्यांनी दोन जाड गोल पेनं एकत्र धरली, भोवती कागदाची पट्टी गुंडाळली आणि जिथे टोकं मिळाली तिथे फाडली. मग म्हणाले, आता याच पट्टीत दोन्ही पेनं वेगवेगळी गुंडाळून दाखवा. पट्टी पुरेना. घरी येऊन मी दोऱ्याने मोजलं. एक सेंटीमीटर जाडीची दोन पेनं एकत्र असताना दोरा लागतो साधारण ५.१ सेंटीमीटर, सुटी गुंडाळायला लागतो ६.३. म्हणजे आहे त्या कापडाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त कापड आणखी लागतं. बोटं सोडवली की कातडी कमी पडणारच, ती दुसरीकडून आणावी लागणार. आमच्या बाबतीत ती जांघेतून घ्यायची होती, घडीच्या रेषेत, म्हणजे व्रण घडीत लपतो. आणि तीही जरा बाहेरच्या बाजूने, नाहीतर वयात आल्यावर बोटावर केस उगवतात. इतक्या पुढचा विचार केलेला बघून मला भरून आलं.

दुसरी गोष्ट बेचकीची. तुम्ही स्वतःचा हात समोर धरा. पालथ्या बाजूने बोट जेवढं लांब दिसतं तेवढं तळव्याकडून दिसत नाही. दोन बोटांमधली बेचकी मागून पुढे उतरती असते, छपरासारखी. सरळ कापून शिवलं तर हा उतार तयारच होत नाही. तिथे नुसती चीर राहते, व्रण भरताना ती तळापासून बुजत वर येते आणि बोटं पुन्हा अर्धी जुळतात. म्हणून हाताच्या पाठीवरची चांगली कातडी एका बाजूने जोडलेलीच ठेवून, पाकळीसारखी उचलून दोन बोटांच्या मधून तळव्याकडे वळवतात आणि तिची बेचकी करतात. शर्टाच्या बगलेत जादा तुकडा घातला नाही तर हात वर होत नाही, तसंच हे. बोटं सोडवणं हा या शस्त्रक्रियेचा निम्मा भाग आहे, उरलेला सगळा जीव बेचकी घडवण्यात असतो. तेव्हापासून आमच्या घरात "बोटं सुटी करायची" हा शब्दच गेला. आम्ही "बेचकी करायची" म्हणायला लागलो.

पहिली शस्त्रक्रिया झाली तेव्हा लेक सात महिन्यांची होती. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांनी तपासलं. सर्दी-खोकला असेल तर तारीख पुढे ढकलायची, हे त्यांनी ठामपणे सांगितलं. अंगावरचं दूध भुलीच्या चार तास आधी बंद, वरचं दूध सहा तास आधी, नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत. पहाटे पाच वाजता मी तिला शेवटचं पाजलं. नंतरचे चार तास ती माझ्या छातीशी तोंड घासत होती आणि मी तिला नवऱ्याकडे देऊन खोलीबाहेर जाऊन उभी राहत होते, म्हणजे तिला माझा वास येऊ नये. अख्ख्या प्रक्रियेत मला सगळ्यात जड गेले ते हे चार तास.

आत नेण्याआधी डॉक्टरांनी पेनाने तिच्या हातावर रेषा काढल्या. जांभळ्या शाईची नागमोडी रेघ, करंगळी आणि अनामिकेच्या मधोमध, टोकापर्यंत. मग हात उताणा करून तळव्याकडूनही तशीच, पण उलटी. मागच्या रेषेचं टोक जिथे, तिथे पुढच्या रेषेची खळगी. मी ते बघतच राहिले. कातडी उघडल्यावर एकीकडचे त्रिकोण दुसरीकडच्या खळग्यांत बसणार होते. शिवाय सरळ रेषेतला व्रण वाळताना दोरीसारखा आखडतो आणि बोट वाकवतो, नागमोडी व्रण तसा ओढत नाही. नखाच्या खाचेपाशी त्यांनी दोन चिमुकल्या पट्ट्या काढल्या होत्या. बोटांच्या टोकाच्या मांसल भागातून त्या उचलून नखाच्या उघड्या पडणाऱ्या कडेला लावायच्या. सात महिन्यांच्या बाळाची करंगळी केवढी असते! तिच्यावर एवढं रेखाटन.

अडीच तास लागले. बाहेर आली तेव्हा तिचा उजवा हात दिसतच नव्हता. कापसाचा मोठा गोळा, वर प्लास्टर, तेही दंडापर्यंत, कोपर काटकोनाहून जास्त वाकवून. बोटांवर शस्त्रक्रिया आणि प्लास्टर दंडापर्यंत का, हे मी विचारलं. कोपर सरळ असेल तर बाळ हात झटकून अख्खं ड्रेसिंग मोज्यासारखं काढून टाकतं, म्हणाले. बोटांची फक्त टोकं बाहेर. परिचारिकेने मला शिकवलं, टोक दाबायचं, पांढरं पडतं, सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. त्या रात्री मी ते किती वेळा केलं, देव जाणे.

भुलीतून उठताना ती खूप रडली, ओळख नसल्यासारखी. त्याची आधी कल्पना दिलेली होती, म्हणून निभावलं. अर्ध्या तासाने दूध प्यायली आणि झोपली. हाताला जागच्या जागी बधिर करणारं इंजेक्शन भुलीतच दिलेलं असतं, त्यामुळे पहिली रात्र तशी शांत गेली. नंतर दोन दिवस पॅरासिटामॉल पुरलं.

आम्हाला खरं सांभाळायचं होतं ते जांघेतून आणलेल्या कातडीला. तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले एक-दोन दिवस ती खालच्या ओलाव्यावर तग धरते, मग बारीक रक्तवाहिन्या तिच्याशी जुळायला लागतात आणि आठवडाभरात ती तिथली होते. या काळात ती जागेवरून सरकली किंवा खाली रक्त साठलं, तर मरते. त्यामुळे हात उंच ठेवायचा, आपटू द्यायचा नाही, भिजू द्यायचा नाही. रांगायला लागायच्या बेतात असलेल्या बाळाला हे कोण समजावणार? ती प्लास्टरवरच भार देऊन पुढे सरकायला शिकली. आम्ही आळीपाळीने तिच्यामागे. जांघेतल्या टाक्यांकडे मात्र आमचं दुर्लक्ष झालं. लंगोट ओला राहिला की तिथे लाली यायची. हाताच्या काळजीत ही दुसरी जखम विसरायला होतं, हे आधीच कुणी बजावलं असतं तर बरं झालं असतं.

चौदाव्या दिवशी ड्रेसिंग उघडलं. टाके विरघळणारे होते, काढायचे नव्हते. मला वाटलं होतं, दोन सुटी बोटं दिसतील आणि आनंद होईल. दिसलं ते वेगळंच. काळपट जांभळे ठिगळ, वाळलेल्या रक्ताच्या खपल्या, सुजलेली बोटं आणि कुबट वास. माझे पायच गळाले. डॉक्टरांनी ओल्या बोळ्याने एका ठिगळावरची काळी पातळ साल अलगद निघू दिली, खाली गुलाबी कातडी होती. "ही जिवंत आहे," ते म्हणाले. मग करंगळीच्या मुळाशी नखाएवढा एक ठिपका दाखवला, तो मात्र पूर्ण काळा होता. "एवढी जगली नाही." त्यांनी ते लपवलं नाही, सारवासारवही केली नाही. ती जागा आपोआप भरू द्यायची, दिवसाआड ड्रेसिंग करून. तिला तीन आठवडे लागले आणि तिथे व्रण जाड झाला. त्या एका ठिपक्याचा परिणाम पुढे दिसायचा होता.

दुसरी शस्त्रक्रिया सात महिन्यांनी, ती चौदा महिन्यांची असताना. मधलं बोट आणि अनामिका. यावेळी आम्हाला सगळं माहीत होतं, तिलाही थोडं कळत होतं. हिरवे कपडे घातलेलं माणूस दिसलं की ती माझ्या मानेला मिठी मारायची. बाकी तीच वाट, तीच नागमोडी रेघ, फक्त नखं वेगळीच होती म्हणून ते काम वाचलं. कातडी पूर्णच्या पूर्ण लागली.

शस्त्रक्रिया दोन दिवसांच्या, त्यानंतरचं मालिश दीड वर्षाचं. व्रण लाल, कडक, उंचवट्याचे असतात तोवर त्यांच्यावर अंगठ्याने गोल गोल दाबून चोळायचं, दिवसातून चार-पाच वेळा, तेही नखभर वेळ नाही, पाच-पाच मिनिटं. बेचकीत बोट घालून खाली दाबायचं. रात्री सिलिकॉनची पट्टी आणि वर छोटा स्प्लिंट, म्हणजे बोटं जागेवर धरून ठेवणारा आधार. उन्हात व्रण झाकायचे, नाहीतर ते कायमचे काळे पडतात. हे सगळं कंटाळवाणं आहे, कुणी त्याचं कौतुक करत नाही, आणि माझ्या मते शस्त्रक्रियेइतकंच ते महत्त्वाचं आहे. फिजिओथेरपीच्या बाईंनी एक फार चांगलं सांगितलं होतं. हात झाकायचा मोजा घरातून काढून टाका. जन्मापासून आम्ही तिला बाहेर नेताना उजव्या हातात पिशवीसारखा मोजा घालत होतो, थंडी असो वा नसो. सासूबाईंनी तसे सहा शिवून ठेवले होते. त्यांनीच ते उसवले आणि त्या कापडाचं बाहुलीचं पांघरूण केलं.

आता ती चार वर्षांची आहे. पेन्सिल उजव्या हातात धरते. अनामिका अजून जराशी करंगळीकडे झुकलेली आहे, तेवढी राहील असं सांगितलंय. जांघेतली कातडी बोटांवर आजूबाजूपेक्षा गडद दिसते. करंगळीच्या नखाची आतली कड सरळ उतरते, बाकीच्यांसारखी मुडपलेली नाही. आणि जिथे तो काळा ठिपका होता, तिथली बेचकी हाताच्या वाढीबरोबर पुढे सरकली आहे. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी मोजपट्टी लावली, दुसरीपेक्षा तीन मिलिमीटर पुढे. मुलं वाढतात तसा व्रण वाढत नाही, म्हणून असं होतं. आणखी वाढलं तर ती बेचकी एकदा पुन्हा खोल करावी लागेल. आत्ता नाही, दर वर्षी बघायचं.

नवऱ्याने गाडीतच विचारलं, "तू ठीक आहेस ना?" मी ठीक होते. पहिल्यांदा ऐकलं असतं तर कोलमडले असते. आता मला कापड माहीत आहे.

रविवारी तिची नखं कापते. पूर्वी अनामिका-करंगळीचं ते एकच रुंद नख कापताना मी मधल्या खाचेपाशी थांबायचे, कातरी तिथे अडकेल म्हणून. आता करंगळीचं नख कापायला घेतलं की ती ते एकटं बोट माझ्या चिमटीतून सोडवून घेते आणि म्हणते, हिचं शेवटी.